इब्न सीना : वैद्य आणि ‘मी’चा शोध

दोह्याच्या कतार डिजिटल लायब्ररीने २०१४ पासून मध्ययुगीन अरबी विज्ञानाची हस्तलिखिते जगाला खुली केली आहेत. या परंपरेतील अग्रगण्य नाव म्हणजे इब्न सीना. इ. स. ९८० मध्ये बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या या वैद्यांनी कल्पनाशक्तीला मेंदूच्या पुढील, तर स्मृतीला मागील पोकळीत स्थान दिले. विरहाने खंगलेल्या रुग्णापुढे एकेक नाव उच्चारावे आणि नाडी कोणत्या नावाला बदलते ते पाहावे, अशी निदानाची रीत त्यांनी ‘अल्-कानून’ या ग्रंथात सांगितली.

मनाचे देहाशी असलेले नाते इतके जवळून पाहूनही तत्त्वज्ञ म्हणून त्यांनी निराळा निष्कर्ष काढला. एखादा माणूस एकाएकी निर्माण होऊन अधांतरी तरंगत आहे. त्याला काही दिसत नाही, ऐकू येत नाही, स्वतःच्या अवयवांचा स्पर्शही होत नाही. तरीही आपण आहोत हे तो जाणेल. म्हणून ‘मी’ म्हणजे देह नव्हे.

हमदानची वजिरी सुटल्यावर फर्दजानच्या किल्ल्यात ते चार महिने बंदिवासात होते. तेथेही त्यांचे लेखन चालूच राहिले. १०३७ मध्ये पोटशुळाने त्यांचे निधन झाले. स्वतःवर केलेले उपचार निष्फळ ठरले. मेंदूच्या व्यापारातून ‘मी’ची जाणीव कशी उपजते, यावर आजही एकमत नाही.