इंटरफेरॉनचा शोधकर्ता

अ‍ॅलिक आयझॅक्स यांचा जन्म १७ जुलै १९२१ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला. तेथेच वैद्यकीय शिक्षण घेतल्यावर त्यांनी रुग्णसेवेऐवजी संशोधनाची वाट धरली. मेलबर्नमध्ये मॅकफार्लेन बर्नेट यांच्याकडे त्यांनी फ्लूच्या विषाणूंचा अभ्यास केला आणि पुढे लंडनच्या मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ते काम करू लागले.

एका विषाणूने ग्रासलेल्या पेशीत दुसरा विषाणू सहसा वाढत नाही, हे तेव्हा माहीत होते. कारण मात्र उमगले नव्हते. आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेले जीन लिंडेनमन यांनी उष्णतेने निष्क्रिय केलेला फ्लूचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातील पटलाच्या तुकड्यांवर सोडला. नंतर भोवतीचा द्रव काढून तो ताज्या तुकड्यांना दिला. या नव्या तुकड्यांत जिवंत विषाणूची वाढ रोखली गेली. म्हणजे एका घरात चोर शिरताच शेजाऱ्यांना सावध करावे, तसा काही पदार्थ पेशी बाहेर सोडत होत्या. १९५७ मध्ये त्यांनी त्याला 'इंटरफेरॉन' हे नाव दिले.

अनेकांचा यावर विश्वास बसला नाही. पेशी हे प्रथिन अत्यल्प प्रमाणात तयार करतात, त्यामुळे ते शुद्ध करून दाखवणे अवघड होते. टीकाकारांनी त्याला 'मिसइंटरप्रेटॉन' असे चिडवले. शिवाय कोंबडीचे इंटरफेरॉन मानवी पेशींवर फारसे चालत नाही; माणसासाठी मानवीच हवे, आणि ते पुरेसे मिळणार कुठून? आयझॅक्स यांना नैराश्य आणि मेंदूतील रक्तस्राव यांनी गाठले. २६ जानेवारी १९६७ रोजी, अवघ्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

उत्तर १९८० मध्ये मिळाले. झुरिचमध्ये चार्ल्स वाइसमन यांच्या गटाने मानवी इंटरफेरॉनचे जनुक जिवाणूत घालून त्याच्याकडून हे प्रथिन बनवून घेतले. अशा 'रिकॉम्बिनंट' इंटरफेरॉनला १९८६ मध्ये अमेरिकेत एका दुर्मीळ रक्तकर्करोगावर औषध म्हणून मान्यता मिळाली. पुढे ते हिपॅटायटिस बी आणि सीवरही वापरले गेले.

आज हे प्रथिन छोट्या कुपीत प्रयोगशाळांना विकत मिळते. त्याचे काही थेंब पेशींवर टाकून, बाहेरचा संदेश पेशीच्या केंद्रकातील जनुकांपर्यंत कसा पोहोचतो, हे संशोधक तपासतात. ज्याच्या अस्तित्वावरच शंका घेतली गेली, तो पदार्थ आता संशोधनाचे रोजचे साधन झाला आहे. ते पाहायला आयझॅक्स मात्र उरले नाहीत.