प्रेषित पौल

प्रेषित पौल किंवा संत पॉल (जन्म : इ.स. ५ च्या सुमारास, तार्सस. मृत्यू : इ.स. ६४ ते ६७ च्या दरम्यान, रोम) हे ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या पिढीतील धर्मप्रचारक व पत्रलेखक होते. येशूच्या बारा शिष्यांमध्ये त्यांचा समावेश नव्हता. तरीही बायबलच्या नव्या करारातील २७ पुस्तकांपैकी १३ पत्रे त्यांच्या नावावर आहेत. त्यांपैकी रोमकरांस, करिंथकरांस पहिले व दुसरे, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिले आणि फिलेमोनाला ही सात पत्रे निर्विवादपणे त्यांची मानली जातात. जुना करार आणि नवा करार यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न ख्रिस्ती विचारात प्रथम ठळकपणे त्यांनी मांडला.

पार्श्वभूमी : करार ही संकल्पना

यहुदी धर्मग्रंथांत देव आणि मनुष्य यांच्यातील नाते करार या स्वरूपात वर्णिले आहे. देवाने अब्राहामाला संततीचे व भूमीचे वचन दिले आणि सुंता ही त्या कराराची खूण ठरविली. पुढे सीनाय पर्वतावर मोशेच्या द्वारे इस्राएल लोकांना नियमशास्त्र मिळाले. दहा आज्ञा, शब्बाथ, आहाराचे व शुद्धतेचे नियम आणि यज्ञविधी यांचा त्यात अंतर्भाव होतो. यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ३१ व्या अध्यायात देव इस्राएल व यहूदा यांच्या घराण्यांशी नवा करार करील आणि आपले नियम लोकांच्या अंतःकरणावर लिहील, असे भाकीत आहे. अखेरच्या भोजनाच्या वेळी येशूने द्राक्षारसाच्या प्याल्याचा संबंध आपल्या रक्तातील नव्या कराराशी जोडला. या प्रसंगाचा सर्वांत जुना लिखित वृत्तान्त पौलांच्याच करिंथकरांस पहिल्या पत्रात आढळतो.

जन्म व शिक्षण

पौलांचा जन्म किलिकिया प्रांतातील तार्सस या नगरात झाला. हे ठिकाण आज तुर्कस्तानात आहे. ते बन्यामीन वंशातील यहुदी होते व त्यांचे हिब्रू नाव शौल होते. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकानुसार त्यांना जन्मतः रोमन नागरिकत्व लाभले होते आणि त्यांचे धर्मशिक्षण यरुशलेम येथे गमलियेल या विख्यात शास्त्र्यांच्या हाताखाली झाले. नियमशास्त्राचे काटेकोर पालन करणाऱ्या परूशी पंथाचे ते अनुयायी होते. तंबू बनविण्याचा व्यवसाय त्यांना अवगत होता. पुढे प्रवासात अनेकदा त्यांनी याच व्यवसायावर उदरनिर्वाह केला.

छळ करणारे शौल आणि परिवर्तन

येशूला मसीहा मानणारा नवा गट नियमशास्त्राला बाधक आहे, अशी तरुण शौलांची खात्री होती. स्तेफन यांना दगडमार करून ठार मारण्यात आले, तेव्हा मारेकऱ्यांची वस्त्रे सांभाळत ते तेथे उपस्थित होते. त्यानंतर त्यांनी या गटाचा छळ आरंभिला. इ.स. ३३ ते ३६ च्या दरम्यान, अनुयायांना पकडण्यासाठी दिमिष्क (दमास्कस) येथे जात असताना वाटेत त्यांना पुनरुत्थित येशूचे दर्शन झाले. काही दिवस त्यांची दृष्टी गेली. हनन्या नावाच्या शिष्याने त्यांच्यावर हात ठेवल्यानंतर ती परत आली व त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण यहुदी धर्म सोडून दुसऱ्या धर्मात गेलो, असे पौलांनी कधीही मानले नाही. आपल्या पूर्वजांच्या देवानेच आपल्याला परराष्ट्रीयांकडे पाठविले आहे, अशी त्यांची धारणा होती. काही काळ अरबस्तानात व दिमिष्कात राहून तीन वर्षांनंतर ते यरुशलेमला गेले आणि १५ दिवस पेत्र यांच्या सहवासात राहिले.

सुंतेचा प्रश्न आणि यरुशलेमची सभा

सिरियातील अंत्युखिया येथील मंडळीत यहुदी व बिगर-यहुदी एकत्र येऊ लागले होते. बर्णबा यांनी पौलांना तेथे आणले. या दोघांनी सायप्रस बेट आणि आशिया मायनरमधील पिसिदिया, इकुन्या, लुस्त्र व दर्बे या भागांत पहिला प्रचारदौरा केला. लुस्त्र येथे पौलांना दगडमार होऊन मृत समजून नगराबाहेर टाकण्यात आले. तथापि या दौऱ्यात अनेक बिगर-यहुदी लोकांनी विश्वास स्वीकारला आणि त्यातून मूलभूत प्रश्न उभा राहिला. देवाच्या प्रजेत येण्यासाठी या लोकांनी सुंता करून मोशेचे नियमशास्त्र पाळणे आवश्यक आहे काय?

यहुदी दृष्टीने हा प्रश्न केवळ एका विधीचा नव्हता. सुंता ही अब्राहामाशी झालेल्या कराराची खूण होती. तिच्यासाठी पूर्वी अनेकांनी प्राण दिले होते. इ.स. ४८ ते ५० च्या दरम्यान यरुशलेममध्ये या प्रश्नावर सभा झाली. पौलांनी तीत या ग्रीक सहकाऱ्याला बरोबर नेले होते आणि त्याच्यावर सुंतेची सक्ती झाली नाही. येशूचे बंधू याकोब यांनी मांडलेल्या तडजोडीनुसार बिगर-यहुद्यांवर नियमशास्त्राचा संपूर्ण भार न टाकता मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म यांपासून दूर राहण्याची अट घालण्यात आली.

अंत्युखियातील पंगतीचा वाद

अंत्युखियात पेत्र हे बिगर-यहुदी बांधवांच्या पंगतीला बसत असत. मात्र याकोब यांच्याकडून काही माणसे आल्यावर त्यांनी स्वतःला वेगळे केले. इतर यहुदी बांधवांनी व बर्णबा यांनीही त्यांचे अनुकरण केले. पौलांनी सर्वांसमक्ष पेत्र यांना विरोध केला. एकत्र जेवण नाकारले, तर बिगर-यहुद्यांना दुय्यम ठरविल्यासारखे होते आणि ख्रिस्ताचे मरण व्यर्थ ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. मार्क यांना पुढील दौऱ्यात बरोबर घ्यावे की नाही, यावरून मतभेद होऊन पौल व बर्णबा यांचे मार्ग वेगळे झाले.

पौलांचा विरोध सुंतेला नव्हे, तर तारणाची अट म्हणून तिची सक्ती करण्याला होता. ज्याची आई यहुदी व वडील ग्रीक होते, त्या तीमथ्याची सुंता त्यांनी स्वतःच करविली, असे 'प्रेषितांची कृत्ये' सांगते.

पत्रांतील दोन करार

पुढील दौऱ्यांत पौलांनी फिलिप्पै, थेस्सलनीका, अथेन्स, करिंथ व इफिस या नगरांत कार्य केले. करिंथ येथे त्यांच्यावर गल्लियो या रोमन अधिकाऱ्यापुढे फिर्याद झाली. डेल्फी येथील शिलालेखावरून गल्लियोचा कार्यकाळ इ.स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो. पौलांच्या जीवनातील हा सर्वांत निश्चित कालबिंदू आहे.

गलतिया प्रांतातील मंडळ्यांत सुंतेचा आग्रह धरणारे उपदेशक आल्याचे कळताच पौलांनी तीव्र शब्दांत पत्र लिहिले. अब्राहामाशी झालेला वचनाचा करार आधीचा आहे, नियमशास्त्र त्यानंतर ४३० वर्षांनी आले, म्हणून नंतरच्या गोष्टीने आधीचे वचन रद्द होत नाही, असा क्रम त्यांनी मांडला. येथे ग्रीक 'दियाथेके' या शब्दाचे करार आणि मृत्युपत्र हे दोन्ही अर्थ त्यांच्या उपयोगी पडले. नियमशास्त्राला त्यांनी 'पैदागोगोस'ची उपमा दिली. हा ग्रीक कुटुंबातील दास मुलाला शाळेत पोहोचवीत असे व त्याच्या वर्तनावर लक्ष ठेवीत असे. मूल वयात आले की त्याची देखरेख संपे. याच पत्रात हागार व सारा या अब्राहामाच्या दोन स्त्रिया दोन करारांची रूपके म्हणून येतात. एक दास्याचा, तर दुसरा स्वातंत्र्याचा करार आहे.

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात दगडी पाट्यांवर कोरलेली सेवा आणि आत्म्याने हृदयावर लिहिलेली सेवा यांची तुलना आहे. मोशेच्या सेवेलाही तेज होते, पण ते लोप पावणारे होते. नव्या कराराचे तेज टिकणारे आहे, असे पौल सांगतात. 'जुना करार' हा शब्दप्रयोग बायबलमध्ये याच अध्यायात येतो. येथे त्याचा अर्थ सभास्थानात वाचले जाणारे मोशेचे ग्रंथ असा आहे, कारण नव्या कराराची पुस्तके तेव्हा संग्रहरूपाने अस्तित्वात नव्हती.

रोमकरांस पत्रात हा विचार अधिक समतोल होतो. नियमशास्त्र पवित्र आहे, परंतु पापाच्या सामर्थ्यापुढे ते मनुष्याला सोडवू शकत नाही, असे तेथे प्रतिपादन आहे. स्वजनांविषयीचे दुःख व्यक्त करून पौल बजावतात की देवाने इस्राएलचा त्याग केलेला नाही. बिगर-यहुदी ही जैतुनाच्या झाडावर कलम केलेली रानटी फांदी असून तिने मुळासमोर ताठा मिरवू नये, असा इशाराही ते देतात.

अटक व मृत्यू

इ.स. ५७ च्या सुमारास पौल यरुशलेमच्या गरीब बांधवांसाठी गोळा केलेली मदत घेऊन तेथे गेले. ते यहुद्यांना मोशेचा त्याग करण्यास शिकवितात, अशी वदंता पसरली होती. ती दूर व्हावी म्हणून त्यांनी चार नवसकरी पुरुषांच्या विधींचा खर्च उचलला व स्वतः शुद्धीकरण केले. तरीही त्रफिम या इफिसकराला त्यांनी मंदिराच्या निषिद्ध आवारात नेल्याचा आरोप होऊन दंगल उसळली. बिगर-यहुद्याने आत आल्यास मृत्युदंड, असा इशारा देणारा त्या मंदिरातील ग्रीक शिलालेख १८७१ मध्ये सापडला आहे. रोमन सैनिकांनी पौलांना जमावापासून सोडवून ताब्यात घेतले. कैसरिया येथे दोन वर्षे कैदेत राहिल्यावर त्यांनी रोमन नागरिक या नात्याने सम्राटाकडे दाद मागितली. रोमला जाताना त्यांचे जहाज माल्टाजवळ फुटले. रोममध्ये दोन वर्षे ते पहाऱ्यात, भाड्याच्या घरात राहिले. परंपरेनुसार सम्राट नीरो याच्या काळात त्यांचा शिरच्छेद झाला. त्यांच्या मानल्या गेलेल्या समाधीवर रोममधील तटाबाहेरील संत पॉल बॅसिलिका उभी आहे.

प्रभाव

पौलांच्या विचारांचा अर्थ लावताना टोकाच्या भूमिका घेतल्या गेल्या. दुसऱ्या शतकात मार्सियन याने पौलांचा आधार घेऊन यहुदी धर्मग्रंथ पूर्णतः नाकारले. रोमच्या मंडळीने इ.स. १४४ च्या सुमारास त्याला बहिष्कृत केले व दोन्ही करार एकाच बायबलचे भाग म्हणून टिकले. उलट, एबिओनी या यहुदी-ख्रिस्ती पंथाने पौलांनाच धर्मत्यागी ठरविले. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी विश्वासाने नीतिमान ठरण्याचा सिद्धान्त पौलांच्या पत्रांतून मांडला. नव्या कराराने जुना करार रद्द झाला, या समजुतीने युरोपात यहुद्यांच्या तिरस्काराला धार्मिक आधार पुरविला. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात रोमकरांस पत्रातील विचारांचा आधार घेऊन देवाने यहुद्यांना टाकलेले नाही, असे स्पष्ट केले. ई. पी. सँडर्स यांच्या १९७७ मधील ग्रंथानंतर पौलांना त्यांच्या काळातील यहुदी परंपरेच्या आत ठेवून वाचण्याची दृष्टी अभ्यासकांत दृढ झाली.

हिब्रू 'बेरीथ', ग्रीक 'दियाथेके' व लॅटिन 'टेस्टामेंटम' या शब्दपरंपरेतून बायबलच्या दोन भागांना नावे मिळाली. मराठी अनुवादांनी त्यांना 'जुना करार' व 'नवा करार' म्हटले. त्यामुळे पौलांच्या विवेचनाचा मध्यवर्ती शब्द मराठी वाचकास ग्रंथाच्या शीर्षकातच भेटतो. संपूर्ण बायबलच्या मराठी अनुवादकांमध्ये पंडिता रमाबाई यांचा समावेश होतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला.