शेळ्या राखणाऱ्या पोरानं राजपुत्राला हॉटेलात जेवायला बसवलं : सेझार रिट्झची गोष्ट

पुण्यात येरवड्याला विमानतळ रस्त्यावर रिट्झ-कार्लटन नावाचं मोठं हॉटेल आहे. त्या रस्त्यानं जाताना अनेकांनी ते बाहेरून पाहिलं असेल. आत जायचा आपला विषय सहसा येत नाही. पण त्या नावातला रिट्झ कोण होता हे सांगितलं, तर आपल्या गावाकडच्या माणसाला तो लांबचा वाटणार नाही. शेतकऱ्याचं तेरावं लेकरू होतं ते.

स्वित्झर्लंडमध्ये व्हॅले नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथल्या नीडरवाल्ड या मूठभर घरांच्या गावात 23 फेब्रुवारी 1850 ला सेझारचा जन्म झाला. सगळ्यात धाकटा. लहानपण शेळ्या-गुरांमागं गेलं. बाराव्या वर्षी त्याला सियोन या शहरात शिकायला पाठवलं, पण अभ्यासात काही रमला नाही. मग पंधराव्या वर्षी ब्रिग गावातल्या एका हॉटेलात वाइन वाढणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीला लावला. तिथूनही मालकानं काढून टाकलं. हा धंदा तुझ्या नशिबात नाही, असं सांगून काढलं म्हणे.

1867 ला पॅरिसमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. कामाच्या शोधात पोरगा तिकडं गेला. बूट पुसले, सामान उचललं, टेबलं पुसली आणि वाढप्याचं काम करत करत व्हॉझँ नावाच्या नामांकित रेस्टॉरंटपर्यंत पोचला. 1870 ला प्रशियाच्या फौजेनं पॅरिसला वेढा घातला. शहरात खायला काही उरलं नाही. तेव्हा याच रेस्टॉरंटनं नाताळाच्या जेवणाला प्राणिसंग्रहालयातल्या हत्तीचं सूप वाढलं होतं.

व्हॉझँमध्ये श्रीमंत माणूस जवळून बघायला मिळाला. कुणाला मांस किती शिजलेलं लागतं, कोण कुणाशेजारी बसत नाही, कुणाला उगीच बोललेलं खपत नाही, हे सेझारनं डोक्यात साठवलं. पुढं आयुष्यभर त्यानं हेच विकलं. जेवण आणि खोली तर कुठंही मिळते. न मागता हवं ते समोर येणं, याला श्रीमंत माणूस वाटेल तेवढे पैसे मोजतो, हे त्यानं ओळखलं.

स्वित्झर्लंडमधल्या रिगी डोंगरावरच्या हॉटेलात तो कामाला असतानाची गोष्ट अजून सांगितली जाते. कडाक्याची थंडी, हॉटेल गरम ठेवणारी यंत्रणा बंद पडलेली आणि चाळीस श्रीमंत अमेरिकन पाहुणे वाटेत. रिट्झनं जेवणाची टेबलं मोठ्या दालनातून लहान खोलीत हलवली. तांब्याच्या मोठ्या भांड्यांत स्पिरिट ओतून पेटवलं. विटा भट्टीत तापवून फडक्यात गुंडाळल्या आणि प्रत्येक पाहुण्याच्या पायाखाली एकेक ठेवली. पाहुणे खूश होऊन गेले. गोठ्यात करडू गारठलं की आपण काय करतो? तीच अक्कल ही, फक्त योग्य ठिकाणी वापरलेली.

1877 ला लुसर्नच्या ग्रँड नॅशनल हॉटेलाचा तो व्यवस्थापक झाला. तेव्हा वय 27. उन्हाळ्यात लुसर्न, हिवाळ्यात फ्रान्सच्या किनाऱ्याकडं. श्रीमंत लोक हवेप्रमाणे मुक्काम हलवायचे, त्यांच्यामागं हॉटेलातली माणसंही हलायची. आपल्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या हंगाम बघून निघतात तसंच. मॉन्टे कार्लोला त्याची गाठ ऑग्युस्त एस्कॉफिए या आचाऱ्याशी पडली. हा लोहाराचा पोरगा. एक शेतकऱ्याचा आणि एक लोहाराचा, दोघांनी मिळून युरोपातल्या बड्या लोकांच्या जेवणाची रीतच बदलून टाकली.

लंडनला नाटक कंपनीचे मालक डॉयली कार्ट यांनी 1889 ला थेम्स नदीकाठी सॅव्हॉय हॉटेल उघडलं. विजेचे दिवे, लिफ्ट, भरपूर न्हाणीघरं, सगळं होतं. पण गाडी नीट चालेना, म्हणून रिट्झला बोलावलं. त्या काळी इंग्रज साहेब क्लबात जेवायचा आणि घरंदाज बायका चार लोकांत जेवायला बाहेर पडत नसत. रिट्झनं नेमकं इथं बोट ठेवलं. रात्रीच्या जेवणाला ठरावीक पोशाख सक्तीचा केला, जेवताना वाद्यवृंद ठेवला, एकट्या बाईला प्रवेश नाही असा नियम घातला. आज तो नियम डाचेल, आणि डाचावाच. पण त्यामुळे प्रतिष्ठित घरांतल्या बायका नवऱ्यासोबत, भावासोबत निर्धास्त यायला लागल्या. बायका आल्या की दागिने आले, नवे कपडे आले आणि ते बघायला बाकीचे आले.

खरी जाहिरात होती ती पाहुण्यांची. इंग्लंडचा युवराज एडवर्ड इथं जेवतो म्हटल्यावर सगळं लंडन टेबल मिळवायला धडपडायचं. नेली मेल्बा या ऑस्ट्रेलियन गायिकेच्या नावानं एस्कॉफिएनं पीच आणि आइस्क्रीमचा पदार्थ केला, तो आजही पीच मेल्बा म्हणून जगभर मिळतो.

मग 1898 च्या मार्चमध्ये रिट्झ आणि एस्कॉफिए दोघांनाही सॅव्हॉयनं काढून टाकलं. 3,400 पौंडांहून जास्त किमतीची दारू हिशेबात सापडत नव्हती. रिट्झ स्वतःच्या नव्या धंद्यात पैसे घालणाऱ्यांची सरबराई सॅव्हॉयच्या खर्चानं करत होता आणि एस्कॉफिए माल पुरवणाऱ्यांकडून कमिशन घेत होता. कमिशन काय चीज असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. दोघांनी 1900 मध्ये कबुलीवर सह्या केल्या, पण हॉटेलवाल्यांनी ते कागद दाबून ठेवले. बाहेर आले ते 1980 च्या दशकात. म्हणजे दोघंही थोर म्हणून मेले आणि पुढची कित्येक वर्षं थोरच राहिले. युवराज तर तेव्हाही रिट्झच्याच पाठीशी होता.

हाकलल्यानंतर तीनच महिन्यांत, 1 जून 1898 ला, पॅरिसच्या प्लास व्हॉन्दोम चौकात रिट्झचं स्वतःच्या नावाचं हॉटेल उघडलं. खोलीला लागून न्हाणीघर, तेही त्या काळात. जड पडदे आणि कागदी भिंती त्याला नको होत्या, त्यात धूळ आणि रोगराई बसते म्हणून. भिंती रंगवलेल्या, पलंग पितळेचे. दिव्यांच्या प्रकाशात बायकांचे चेहरे कसे दिसतात हे ठरवायला त्यानं बायकोला, मारी-लुईजला, दिव्याखाली बसवून वेगवेगळ्या रंगाच्या झडपा लावून पाहिल्या. शेवटी जर्दाळूसारखा गुलाबीसर रंग ठरला. उद्घाटनाच्या दिवशी टेबलं दोन सेंटिमीटर उंच वाटली म्हणून सगळ्यांचे पाय कापून घेतले, असं सांगतात.

एवढं सगळं करणारा हा माणूस स्वतःच्या पायांना मात्र लाजायचा. पाय मोठे, शेतकऱ्याचे. ते दिसू नयेत म्हणून तो अर्धा नंबर लहान बूट घालायचा. दिवसभर उभं राहायचं काम आणि आवळलेले पाय. दुसऱ्यांच्या पायाखाली ऊन वीट ठेवणाऱ्याची ही तऱ्हा.

1899 ला लंडनला त्याचं कार्लटन हॉटेल सुरू झालं. तोच युवराज एडवर्ड आता राजा झाला होता आणि 1902 मध्ये त्याला मुकुट चढणार होता. राज्याभिषेक 26 जूनला. कार्लटन गच्च भरलेलं, मेजवानीची तयारी महिनोन्‌महिने चाललेली. 24 जूनला बातमी आली की राजाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागतंय, सोहळा पुढं ढकलला. रिट्झनं पाहुण्यांना शांतपणे ती बातमी सांगितली. आणि त्याच दिवशी तो कोसळला. वय 52.

राजा बरा झाला, 9 ऑगस्टला मुकुट चढला. रिट्झ मात्र पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. 1906 ला लंडनमध्ये आणि 1910 ला माद्रिदमध्ये त्याच्या नावाची हॉटेलं उभी राहिली, पण कारभार दुसऱ्यांच्या हाती होता. शेवटची वर्षं दवाखान्यात गेली. ऑक्टोबर 1918 मध्ये लुसर्नजवळ तो वारला. पुढं त्याचे अवशेष नीडरवाल्डला नेले. जिथं शेळ्या राखल्या, त्याच गावच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.