लुई पाश्चर

मुलांनो, दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द तुम्ही वाचला असेल. तो लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून आला आहे. त्यांचे आणखी एक मोठे काम आज आपण पाहू.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी झाला. वडील चामडे कमावण्याचा धंदा करत. लुई लहान असताना त्यांच्या भागात एका पिसाळलेल्या लांडग्याने अनेकांना चावे घेतले. जखमींच्या जखमा तापलेल्या लोखंडाने डागल्या गेल्या. त्या काळी दुसरा उपाय नव्हता.

पुढे लुई शास्त्रज्ञ झाले. १८६८ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, तरी त्यांनी काम सोडले नाही. १८८० च्या सुमारास त्यांनी रेबीजचा अभ्यास सुरू केला. या रोगाचा रोगी पाण्याला घाबरतो, बेभान होतो. मग रोगाचे ठाणे मेंदूतच असणार, हे पाश्चर यांनी ओळखले आणि प्रयोगाने सिद्ध केले. पण रोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकातून काही दिसेना.

कारण तो अतिसूक्ष्म विषाणू होता. त्याच्या अंगावर काट्यांसारखी प्रथिने असतात, हे आज आपल्याला माहीत आहे. ही प्रथिने म्हणजे जणू किल्ली! तिच्या मदतीने विषाणू नसांच्या पेशींत शिरतो आणि हळूहळू मेंदूकडे सरकतो. तेथे दाह सुरू होतो. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही. पण मेंदूपर्यंत पोहोचायला विषाणूला बहुधा काही आठवडे लागतात. तेवढ्या वेळात लस शरीराला ती किल्ली ओळखायला शिकवते आणि शरीर तिला निकामी करते.

पाश्चर यांनी रोगी सशांचा मज्जारज्जू सुकवून रोगाचा जोर कमी केला व त्यापासून लस बनवली. कुत्र्यांवर तिचे प्रयोगही केले. पण माणसाचे काय?

६ जुलै १८८५ रोजी एक आई आपल्या नऊ वर्षांच्या ज्योसेफ माइस्टरला घेऊन आली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावले होते. पाश्चर पेचात पडले. ते स्वतः डॉक्टर नव्हते. लस टोचून मुलगा दगावला तर दोष त्यांच्यावर येणार होता. न टोचावी, तर मुलाच्या जिवाची आशा नव्हती. डॉक्टरांशी विचार करून त्यांनी निर्णय घेतला. डॉ. ग्राँशे यांनी सुई टोचली. काही दिवसांत तेरा वेळा लस दिली गेली. दर वेळी लस अधिक जोरदार होत होती आणि पाश्चर यांची काळजीही वाढत होती. शेवटी ज्योसेफ वाचला!

१८८८ साली पॅरिसमध्ये पाश्चर संस्था सुरू झाली. मोठेपणी ज्योसेफ त्याच संस्थेत द्वारपाल झाला. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांचे निधन झाले.

मुलांनो, कुत्रा चावला तर घरी लपवू नका. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. विषाणूची वाट लांब असली, तरी आपण उशीर करता कामा नये.