रात्री एकला मिळायची शांतता!

पंढरपुरात आषाढीला दिंडी शूट करताय? सोलापूरचं नाही, आपल्या वाळूजचं पंढरपूर! कॅमेरा तुमचा भारीच असेल. पण घरी येऊन क्लिप लावावी तर टाळ-मृदंग मागे आणि हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न पुढे. हीच डोकेदुखी भारताचा पहिला बोलपट बनवणाऱ्या माणसालाही होती. त्यांचं नाव अर्देशीर इराणी.

जन्म पुण्याचा, ५ डिसेंबर १८८६चा. थिएटर चालवता चालवता ते निर्माते झाले आणि १९२६ मध्ये त्यांनी इम्पिरियल फिल्म कंपनी काढली. पुढे ‘शो बोट’ हा अमेरिकन सिनेमा पाहिला आणि आपणही बोलपट करायचा, हे डोक्यात बसलं.

मशीन जोडायला विल्फोर्ड डेमिंग हा अमेरिकन तंत्रज्ञ आला. त्याची फी दिवसाला १०० रुपये! ती परवडेना. मग इराणींनी त्याच्याकडून रेकॉर्डिंगची मूळाक्षरं शिकून घेतली आणि रुस्तम भरुचांना मदतीला घेऊन ‘आलम आरा’चा आवाज स्वतःच रेकॉर्ड केला.

अडचण वेगळीच होती. स्टुडिओ रेल्वे रुळांना लागून, शिवाय साउंडप्रूफ नाही. आवाज आणि चित्र एकाच फिल्मवर उमटायचं. नंतर डबिंग करू, ही सोयच नव्हती. इराणींनी काय केलं? गाड्या थांबल्या की रात्री एक ते पहाटे चार शूटिंग. माइक कलाकारांच्या जवळपास लपवलेले आणि वादक फ्रेमच्या बाहेर. १४ मार्च १९३१ला सिनेमा मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. इराणी १९६९ मध्ये गेले. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज सापडत नाही.

आता तुमचं बघा. दिंडी काही रात्री एकला निघणार नाही, म्हणजे वेळ तुमच्या हातात नाही. पण माइक कुठे ठेवायचा, हे आहे. कॅमेरा लांब असू द्या, दुसरा फोन रेकॉर्डिंग लावून मृदंगवाल्याजवळ द्या. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, एडिटिंगला दोन्ही जुळवता येतील. आधी मिनिटभर टेस्ट घ्या आणि हेडफोन लावून ऐका. लेव्हल लाल रेघेला टेकत असेल तर कमी करा. फाटलेला आवाज कुठल्याही ॲपने धड शिवला जात नाही.