रॉन्टगेन यांचे किरण आणि अश्रुनलिकेचे ऑपरेशन

तुमच्या आईच्या डोळ्यातून सतत पाणी गळते, नाकाजवळचा कोपरा दाबला की पू येतो आणि डॉक्टरांनी अश्रुनलिकेचे ऑपरेशन सांगितले आहे. त्याआधी सीटी स्कॅन करावा का, असे पिंप्राळ्यातले अनेक पेशंट विचारतात. उत्तर समजण्यासाठी, ज्यांच्या शोधातून ही तपासणी आली त्या विल्हेल्म रॉन्टगेन यांची ओळख करून घेऊ.

रॉन्टगेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप गावी कापड व्यापाऱ्याच्या घरी झाला. बालपण हॉलंडमध्ये गेले. शिक्षकाचे व्यंगचित्र काढणाऱ्या मित्राचे नाव त्यांनी सांगितले नाही, म्हणून त्यांनाच शाळेतून काढले. पुढे ते झुरिकला शिकले आणि प्राध्यापक झाले.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्ग येथे काळ्या कागदाने झाकलेल्या नळीतून वीज सोडताना जवळचा रासायनिक लेप लावलेला पडदा चमकलेला त्यांना दिसला. हे किरण कसले ते माहीत नव्हते, म्हणून त्यांनी नाव दिले एक्स. २२ डिसेंबरला पत्नी बर्था यांच्या हाताचे चित्र घेतले. त्यात हाडे आणि अंगठी दिसली. १९०१ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल मिळाले. बक्षिसाची रक्कम त्यांनी विद्यापीठाला दिली आणि पेटंट घेतले नाही. १० फेब्रुवारी १९२३ रोजी आतड्याच्या कॅन्सरने त्यांचे निधन झाले.

साध्या एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, पण मऊ अश्रुपिशवी दिसत नाही. म्हणून १९०९ मध्ये अमेरिकेतील डॉ. ईविंग यांनी पिशवीत एक्स-रेवर दिसणारे औषध भरून चित्र घेतले. आजचा सीटी स्कॅनही याच किरणांवर चालतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे येऊ. बहुतेक पेशंटमध्ये डोळ्याचे डॉक्टर अश्रुनलिकेत पिचकारीने पाणी सोडून अडथळा ओळखतात आणि नाक तपासतात. तेवढे पुरते. प्रत्येकाला स्कॅनची गरज नसते.

मात्र पुढीलपैकी काही असेल तर स्कॅन खरोखर उपयोगी पडतो:

• अपघातात चेहऱ्याला किंवा नाकाला मार लागला असेल
• आधीचे ऑपरेशन अयशस्वी झाले असेल
• अश्रूंत रक्त येत असेल
• कोपऱ्यात घट्ट, दाबून न जाणारी गाठ असेल
• सायनसचा जुना आजार किंवा नाकाचे ऑपरेशन झाले असेल

रक्त किंवा घट्ट गाठ असेल तर उशीर करू नका. क्वचित त्यामागे कॅन्सर असतो आणि तो ऑपरेशनआधी कळणे फार महत्त्वाचे आहे.

तान्ह्या बाळाच्या डोळ्यातून पाणी येत असेल तर सहसा स्कॅन लागत नाही. डॉक्टरांनी शिकवलेल्या मालिशने बहुतेक बाळांची नलिका वर्षभरात उघडते.

स्कॅनला जाताना जुने कागद सोबत घ्या. गरोदर असाल किंवा पूर्वी औषधाची ॲलर्जी आली असेल तर आधी सांगा. आणि डॉक्टरांना जरूर विचारा: या स्कॅनमुळे माझ्या ऑपरेशनमध्ये काय बदलेल?