धमनी शिवायला शिकवणारे डॉ. कॅरेल
१८९४ मध्ये फ्रान्सच्या लिऑन शहरात राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर चाकूहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली. ती शिवणे तेव्हाच्या शल्यचिकित्सकांच्या आवाक्याबाहेर होते; कार्नो दगावले. लिऑनमध्येच वैद्यकी शिकणाऱ्या, विशीतल्या अलेक्सी कॅरेल यांच्या मनाला हे लागले.

१८७३ मध्ये जन्मलेल्या कॅरेल यांनी भरतकाम करणाऱ्या बाईंकडून बारीक सुई-रेशमाचे काम शिकून घेतले. १९०२ मध्ये त्यांनी आपली पद्धत मांडली. धमनीच्या तुटलेल्या तोंडांना तीन टाके घालून ताण दिला की गोल तोंड त्रिकोणी होते आणि सरळ कडा सहज शिवता येते. पुढे ते अमेरिकेत गेले. १९१२ मध्ये नोबेल मिळाले. उतारवयात त्यांनी वंशसुधारणेच्या घातक विचारांचा पुरस्कार केला, हा डाग मात्र राहिला. १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या महायुद्धात गुडघ्यामागची धमनी तुटलेल्या सुमारे ७० टक्के जखमींनी पाय गमावला. कोरियन युद्धात धमनी शिवणे रूढ झाले आणि हे प्रमाण एक तृतीयांशावर आले.

पाचोडजवळच्या महामार्गावर दुचाकी घसरून गुडघा निखळला, तरी हीच धमनी तुटू शकते. पाऊल गार, फिकट किंवा बधिर पडले तर चोळू नका, मालिश करू नका. पायाला आधाराची पट्टी बांधा आणि रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयात तातडीने न्या. रक्तप्रवाह साधारण सहा तासांत सुरू व्हावा लागतो. उशीर झाला, तर कॅरेल यांचा टाकाही पाय वाचवू शकत नाही.